फ्रीज नसलेल्या खोलीत आठवडाभराचा स्वयंपाक: रविवारी काय करून ठेवावं, काय ठेवू नये

रविवारीच सगळं शिजवायचं, डब्यांत भरायचं आणि आठवडाभर गरम करून खायचं, असं दाखवणारे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. त्यांच्या घरी फ्रीज असतो. तालुक्याच्या गावी खोली करून राहणाऱ्या आपल्या पोरापोरींकडे एक शेगडी, एक कुकर आणि खिडकीखाली एक माठ असतो. एप्रिल-मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश, वर टिनाचं छत असलं तर रात्री दहालाही भिंतीला हात लावला की चटका बसतो. त्या खोलीत सकाळचं वरण संध्याकाळपर्यंत टिकत नाही, मग सोमवारचं शुक्रवारी कुठून टिकणार?

म्हणून आपली पद्धत वेगळी हवी. शिजलेलं साठवायचं नाही. भाजून, दळून, निवडून, मोजून ठेवता येईल तेवढं कोरडं तयार ठेवायचं, म्हणजे रोजचा स्वयंपाक अर्ध्या तासात उरकतो. आपल्या आज्या वर्षभराचं असंच करायच्या: वड्या, कुरडया, सुकवलेली हरभऱ्याची भाजी, येसर (डाळ-गहू-मसाला भाजून दळलेलं रश्श्याचं पीठ). आपण तेच आठवड्यापुरतं करायचं.

मी तीन वर्षं यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला मैत्रिणीबरोबर खोली करून काढली. आता धाकटी बहीण पुसदला तशीच राहते. तिला वहीत जे लिहून दिलं, ते इथं सविस्तर लिहिते आहे. सगळी मापं दोघांसाठी, सोमवार ते शनिवार.

आधी शिळ्याचं गणित

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत माझा एक पेपर शिळ्या भातानं घालवला. रात्री भात जास्त झाला, गंजावर झाकण ठेवून झोपलो, सकाळी फोडणी देऊन खाल्ला. वास नव्हता, चवही बरी होती. दोन तासांत उलट्या सुरू झाल्या आणि तो पेपर पुढच्या सत्रात द्यावा लागला. आईचं फोनवर पहिलं वाक्य होतं, "काऊन वं, भात टाकून द्याले जीवावर आलं होतं काय?" खरंच जीवावर आलं होतं, कारण तांदूळ घरचा होता.

नंतर मायक्रोबायोलॉजीच्या तासाला कारण कळलं. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू असू शकतात. त्यांचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करणारं ते विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. म्हणजे सकाळची फोडणी काही वाचवत नाही.

साधारण ५ ते ६० अंशांच्या मधे जिवाणू झपाट्यानं वाढतात. ओलं शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासापेक्षा जास्त नाही, असा नियम आहे. आपल्याकडे मार्च ते जून दिवसभर ३२ च्या वरच असतं. तेव्हा भात, वरण, रस्सा, उसळ मोजून शिजवायची आणि त्याच वेळी संपवायची. भात एका माणसाला पाऊण मूठ तांदळाचा. तो कमी पडला तर पोळी वाढवा, पण उरवू नका.

तरी पोट बिघडलंच, तर मेडिकलमधून ओआरएसची पुडी आणा. रात्री दुकान बंद असेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट प्या. उलट्या थांबल्या नाहीत किंवा लघवी कमी झाली तर दवाखाना.

भांडी आणि आच

तीन लिटरचा कुकर, त्यात बसतील असे दोन डबे, लोखंडी कढई, तवा, कोपर (परात), सराटा (उलथणं) आणि घट्ट झाकणाचे स्टीलचे आठ-दहा डबे. एवढ्यावर तीन वर्षं निघतात. मिक्सर नसला तरी चालतं. घरमालकीणबाईंचा खलबत्ता मागून आणा, चटणीला तोच बरा.

पाच किलोचं छोटं सिलिंडर ओळखपत्रावर मिळतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही. आम्हा दोघींना ते महिनाभर जायचं. इंडक्शन शेगडी असेल तर २००० वॉटची शेगडी अर्धा तास पूर्ण चालली की १ युनिट होतं. खोलीचं वीजबिल वेगळं द्यावं लागत असेल तर हा हिशोब घरमालकाशी आधीच बोलून घ्या. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडायचं, म्हणून मला गॅसच भरवशाचा वाटतो.

डाळ अर्धा तास भिजवली तर दोन शिट्ट्या पुरतात. गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलून वाफ सोडू नका. कुकर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवा, उरलेलं शिजणं आतल्या वाफेवर होतं. तोवर पोळ्या लाटून होतात.

घरून काय आणायचं, काय विकत घ्यायचं

शनिवारी गावी जात असाल तर एसटीत एक पिशवी भरून आणता येते. जात नसाल तर घरच्यांना स्टँडवरून डबा-पिशवी पाठवायला सांगा. दोघांना आठवड्याला इतकं लागतं: कणीक दीड किलो, ज्वारीचं पीठ १ किलो, तांदूळ १ किलो, तुरीची डाळ पाऊण किलो, मटकी किंवा बरबटी (चवळी) अर्धा किलो, बेसन पाव किलो, फल्लीदाणे (शेंगदाणे) अर्धा किलो, जवस पाव किलो, पोहे अर्धा किलो, तेल पाव लिटरपेक्षा थोडं जास्त, गूळ पाव किलो. जास्त खाणारी पोरं असतील तर पोळीचं पीठ वाढवा, डाळ कमी करू नका.

घरी सोयाबीन होत असेल तर दहा किलो गव्हात एक किलो सोयाबीन दळून आणा. पण कच्चं दळायचं नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनं जातो. म्हणून पंधरा-वीस मिनिटं उकळून, कडक उन्हात वाळवून, मग गव्हात मिसळायचं. पोळीच्या चवीत फरक कळत नाही आणि प्रथिनं चांगली वाढतात.

घरच्या रेशनकार्डावर तुमचं नाव असेल तर शिकायच्या गावीही धान्य घेता येतं, हे बऱ्याच पोरांना माहीत नसतं. एक देश एक रेशनकार्ड योजनेत कोणत्याही स्वस्त धान्य दुकानात अंगठा देऊन आपला वाटा उचलता येतो, बाकीच्यांचा वाटा घरचे गावात उचलतात. त्यासाठी आधार जोडलेलं आणि ई-केवायसी झालेली हवी. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य १ जानेवारी २०२३ पासून मोफत आहे.

भाजी आठवडी बाजारातूनच घ्या आणि शक्यतो उतरत्या उन्हात जा. परतीची गाडी गाठायची असते तेव्हा बाया उरलेली मेथी-पालक ढिगानं देऊन टाकतात. मात्र एकदम सहा दिवसांची पालेभाजी घेऊ नका. जे लवकर मरतं ते आधी शिजवायचं, या क्रमानं भाजी घ्या. पालक, मेथी, अंबाडी पहिल्या दोन दिवसांसाठी. वांगी, गवार, बरबटीच्या शेंगा, टमाटर मधल्या दोन दिवसांसाठी. कोहळं, दुधी, पत्ताकोबी, आलू, कांदे शेवटाला.

मातीचा गारवा

हे मी आमच्या घराशेजारच्या आजीकडून शिकले आणि याचा फार उपयोग झाला. एक मोठी मातीची कुंडी घ्या, तिच्यात बसेल असं लहान मडकं घ्या. दोन्हींच्या मधे दोन बोटं जागा उरली पाहिजे. त्या जागेत रेती भरा, रेती पाण्यानं पूर्ण भिजवा, मडक्यात भाजी ठेवा आणि वर ओलं गोणपाट टाका. कुंडी दोन विटांवर, वारा लागेल पण ऊन लागणार नाही अशा जागी. रेतीवर सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी.

रेतीतलं पाणी बाहेरच्या बाजूनं वाफ होऊन उडतं आणि उडताना मडक्यातली उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं त्याच कारणानं. हवा जितकी कोरडी, तितकं हे जोरात चालतं, म्हणून नागपूर-अकोल्याकडं खसच्या ताट्या लावलेला कूलर मे महिन्यात घर गार करतो आणि ऑगस्टमध्ये नुसता दमटपणा वाढवतो. हे मडकंही तसंच आहे. मार्च ते मे त्यात पालक तीन दिवस ताठ राहतो, सांबार (कोथिंबीर) चार दिवस हिरवा राहतो. पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही, उलट बुरशी लागते. तेव्हा ते रिकामं करून उन्हात वाळवून ठेवा.

सांबार ठेवताना धुवू नका. मुळं कापून, पिवळी पानं काढून, ओलसर सुती फडक्यात सैल गुंडाळा. दूध, शिजलेला भात, वरण या मडक्यात ठेवायचं नाही. इतका गारवा त्यांना पुरत नाही.

रविवारचे तीन तास

कढई एकदाच तापवा आणि कोरड्यापासून तेलकटाकडं जा, मधे कढई धुवावी लागत नाही.

पहिली तुरीची डाळ. मंद आचेवर, रंग बदलेपर्यंत नाही, फक्त खमंग वास येईपर्यंत. भाजलेली डाळ लवकर शिजते आणि तिला सोंडे लवकर लागत नाहीत. गार झाली की सारख्या बारा पुड्या बांधा. प्रत्येकीत चिमूट हळद, चिमूट हिंग, थोडं जिरं. पुडी म्हणजे एका वेळचं दोघांचं वरण. सकाळी सहाला झोपेत डाळ मोजायची नसते, नुसती पुडी सोडायची असते.

मग बेसन. कढईत सतत हलवत पाच-सात मिनिटं, हात थांबवला की करपतं. भाजलेल्या बेसनाचं चून (पिठलं) सात मिनिटांत होतं आणि गुठळ्या धरत नाही.

मग येसर. ज्या दिवशी भाजीच नसते त्या दिवशी हाच आधार, म्हणून यात आळस करू नका. दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी गहू, अर्धी वाटी धने, दोन चमचे जिरं, चार लवंगा, आठ-दहा मिरे, दोन तेजपानं, अर्धी वाटी सुकं खोबरं. प्रत्येक वस्तू वेगळी भाजायची, कारण गहू तयार होतो तेव्हा जिरं जळालेलं असतं. गार करून चक्कीवर किंवा मिक्सरमध्ये भरड दळा, चवीला तिखट मिसळा. भिवापुरी मिरचीचं तिखट मिळालं तर अर्धंच घाला, ती झणझणीत असते. येसर दोन महिने टिकतं, म्हणून दर रविवारी करायची गरज नाही. फोडणीत लसूण टाकून दोन पेले पाणी, त्यात दोन मोठे चमचे येसर कालवून दहा मिनिटं उकळा. रस्सा तयार. त्यात घरच्या मुगवड्या किंवा सोयाबीनच्या वड्या सोडल्या की भाजीची उणीव भासत नाही.

फल्लीदाणे भाजा, पाखडा. अर्ध्यांचं कूट करा, अर्धे तसेच ठेवा.

शेवटी जवस. कढईत पडल्यावर पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही. मग एक दाणा तडकतो, उडून शेगडीवर पडतो, आणि पाठोपाठ सगळे तडतडायला लागतात. तेव्हा झाकण आडवं धरा आणि आच मंद करा. एक दाणा दाताखाली धरून पाहा: कट्कन फुटला तर झाला, चिवट लागला तर अजून मिनिटभर. काळसर पडू लागला तर लगेच कोपरात उपसा, गरम कढईत ठेवलेला जवस कडू होतो. दोन वाट्या जवसाला दोन चमचे तिखट, जिरं, मीठ आणि लसणाच्या आठ पाकळ्या. लसूण कच्चा घालू नका. त्याच्या ओलीनं चटणी आठवड्यात खवट वास मारते. तव्यावर कोरडा, सोनेरी होईपर्यंत भाजून मगच कुटा. ही चटणी पंधरा दिवस सहज जाते. भाकरीवर चमचाभर चटणी, वरून कच्चं तेल, बाजूला कांदा, की रात्रीचं जेवण झालं.

भाजणं संपलं की मटकी भिजत घाला. उन्हाळ्यात रविवारी रात्री भिजवली तर सोमवारी सकाळी फडक्यात बांधा, रात्रीपर्यंत मोड येतात. हिवाळ्यात आणखी एक दिवस लागतो. मोड आलेली मटकी चिकट लागली किंवा वास आला तर टाकून द्या, धुऊन वापरू नका.

रविवारी काय करायचं नाही, हेही सांगते. कणीक मळून ठेवायची नाही, उन्हाळ्यात ती दुपारपर्यंत आंबते. कांदा-टमाटर परतून वाटण करून ठेवायचं नाही, ते हिवाळ्यात फार तर एक दिवस तग धरतं. ओल्या खोबऱ्याचं काहीच करायचं नाही. लसूण मात्र आठवड्याचा सोलून कोरड्या डब्यात ठेवा, सकाळची सहा मिनिटं वाचतात.

ज्वारीचं पीठ आठवड्यापुरतंच दळा. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात. तसं झालंच तर पीठ उकळत्या पाण्यात कालवून मळा, भाकरी जमून येते.

आठवडा कसा जातो

सकाळी एकच कुकर: खालच्या डब्यात डाळीची पुडी, वरच्या डब्यात मोजका भात. तो भात घरून निघण्याआधी गरमागरम खायचा, डब्यात न्यायचा नाही. डबा साडेसातला भरला जातो आणि साडेबाराला उघडतो. पाच तास बंद डब्यात, वर्गातल्या उकाड्यात. त्यामुळं डब्यात पोळी, पाणी पूर्ण आटवलेली कोरडी भाजी, चटणी, गुळाचा खडा, मूठभर फल्लीदाणे. पोळ्या वाफ जाऊ देऊन मगच बंद करा, नाहीतर घाम धरून चिकट होतात. रस्साभाजी, वरण, दही घातलेली कोशिंबीर डब्यात नको.

सोमवारी सकाळी पालकाची डाळभाजी, मूठभर फल्लीदाणे घालून, आपल्याकडच्या लग्नातल्यासारखी. डब्याला मेथीची कोरडी भाजी. मंगळवारी सकाळी मोड आलेल्या मटकीची उसळ खोलीवरच, रात्री चून आणि भाकरी. बुधवारी गवार किंवा बरबटीच्या शेंगा. गुरुवारी वांगं-आलू, रात्री वरण-पोळी. शुक्रवारपर्यंत हिरवं संपलेलं असतं, तेव्हा येसराचा रस्सा आणि वड्या, किंवा घरून आणलेली सुकी हरभऱ्याची भाजी डाळीच्या पिठात घोटून. शनिवारी सगळ्या डब्यांतला तळ एका खिचडीत: उरलेली डाळ, तांदूळ, एक आलू, एक कांदा.

नाश्त्याला दोन दिवस पोहे. बाकी दिवस सातूचं पीठ. गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून, जिरं-सुंठ घालून दळून आणलेलं असलं की गूळ-पाण्यात कालवून दोन मिनिटांत पोटभर होतं, शेगडी पेटवावी लागत नाही. परीक्षेच्या दिवसांत माझा भरवसा यावरच असायचा.

पोरींना एक कळकळीनं सांगते. रक्त कमी असणं आपल्याकडं घरोघरी आहे आणि ते अंगावर काढलं जातं. पालेभाजी, डाळ, मटकी खाताना त्यावर लिंबू पिळा, त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, तो लोह शोषू देत नाही. तासाभरानं घ्या. सतत थकवा, धाप लागणं असेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या.

दोघांत काम वाटून घ्या, पण रोज बदलू नका. पोळ्या करणारी आठवडाभर पोळ्याच करेल, कुकर आणि भांडी दुसरीकडं. पुढच्या आठवड्यात उलट. आमची सगळी भांडणं "आज कोणाची पाळी" यावरून व्हायची, हे ठरवल्यावर ती थांबली. हिशोब वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. घरून आलेल्या धान्याचीही बाजारभावानं किंमत लावा, नाहीतर जिच्या घरून डाळ येते तिच्यावर नेहमी जास्त भार पडतो आणि ती संकोचानं बोलत नाही.

पावसाळ्यात दोन बदल. डबे उघडताना हात आणि चमचा पूर्ण कोरडा, आणि पुड्या कागदाऐवजी लहान डब्यांत. डाळ-तांदळात सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला टाका. चटणी निम्मीच करा.

शनिवारी दुपारी, गाडीला निघण्याआधी, रिकामे डबे घासून उन्हात पालथे घाला. ज्या डब्यात काही उरलं तो हलवून पाहा आणि वहीत लिहा: डाळीच्या दोन पुड्या उरल्या, तर पुढच्या रविवारी दहाच बांधायच्या. फल्लीदाणे गुरुवारीच संपले, तर या वेळी घरून पाव किलो जास्त आणायचे. मग ती यादी घेऊन गाडीत बसा.